महाराजांची अमेरिका आणि आपलं अर्धं कौतुक

सयाजीराव महाराज आणि अमेरिका हा विषय निघाला की आपल्याकडचे लेख मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीपाशी येऊन थांबतात. मीही तिथेच थांबायचो. इंजिनियर माणूस, जाड काचेची जमीन बघत राहावी असंच वाटतं. खालच्या मजल्यावर उजेड पोचावा म्हणून काच, आणि पुस्तकांच्या लोखंडी रॅकचा सांगाडाच वरचा भार घेतो. स्नीड या अमेरिकन कंपनीचं हे काम.

१९०६ च्या दौऱ्यात महाराजांनी तिथली मोफत वाचनालयं पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बोर्डन यांना बडोद्याला आणलं. ते १९१३ ला परत गेले तरी काम थांबलं नाही, कारण गावाने वर्गणी काढायची, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची, अशी व्यवस्था होती. शिवाय मोतीभाई अमीन बोर्डन येण्याआधीपासून वाचनालयं काढत होते. पण श्रेय आपण बोर्डनना देऊन मोकळे होतो. असो.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. बोर्डन परत गेले त्याच १९१३ साली महाराजांनी आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. परतल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी, असा करार. १९१७ मध्ये ते करार पाळायला आले, तर गावात राहायला जागा नाही! नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहिले. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज कचेऱ्यांतून फिरत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारलं, दोघांनीही टाळलं. मग रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत कमाटीबागेत बसून राहिले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

आपले लेख हा प्रसंग 'समाजसुधारणा' प्रकरणात टाकतात आणि लायब्ररी 'अमेरिका' प्रकरणात. का? दोन्ही एकाच महाराजांनी अमेरिकेशी जोडलेल्या नात्यातून आलं. बोर्डनसाठी दरबाराने सगळी सोय केली. कोलंबियाहून परतलेल्या आपल्याच माणसाला एक खोली देता आली नाही. महाराजांची दानत मी कमी लेखत नाही. पण १९३३ ला सत्तरीच्या महाराजांनी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत भाषण केलं, हे अभिमानाने सांगताना ते अकरा दिवस त्याच पानावर यायला हवेत.

पुढच्या वेळी पाहुण्यांना काचेची जमीन दाखवली की तिथून चालत कमाटीबागेत न्यावं, असं मी मंडळात सुचवलं आहे.