चेहरे आले, गाव कुठंय?

डार्थ व्हेडर येणार म्हणून सगळीकडे आनंदीआनंद आहे. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडने २०२५च्या अखेरीस जाहीर केलं की ‘गॅलॅक्सीज एज’ या स्टार वॉर्सच्या विभागाला घातलेली एकाच ठरावीक काळाची अट आता सैल होणार. ल्यूक, लेया, हान सोलो आणि व्हेडर तिथे फिरताना दिसणार, जॉन विल्यम्सचं संगीतही वाजणार. चाहते म्हणाले, चला, उशिरा का होईना, शहाणपण सुचलं. मला नेमका या शहाणपणाचाच राग आलाय. २०१९ मध्ये तो विभाग उघडला तेव्हा चूक झाली होती, यात वाद नाही. पण ती चूक ओळखीचे चेहरे नसण्याची नव्हती. दुखणं एक आणि औषध भलत्याचंच, असा हा प्रकार आहे, आणि तो एकट्या डिस्नेपुरता नाही. थीम पार्क ही कला गेली पंधरा वर्षं ज्या दिशेने घसरतेय त्याचा हा ताजा पुरावा.

हो, कला म्हणतोय. वास्तू, नेपथ्य, प्रकाश, यंत्र, संगीत आणि हजारो माणसांना कळू न देता वळवण्याची युक्ती एवढं सगळं जिथे एकत्र येतं, त्याला दुसरं काय म्हणायचं? आपल्याकडे त्याची समीक्षा मात्र रांग किती लांब आणि तिकीट केवढ्याला, इथेच संपते.

त्या विभागातल्या बाटू या ग्रहाकडे वळू. डिस्नेने मुद्दाम पडद्यावर कधीच न दिसलेला ग्रह निवडला होता. तर्क मला आजही पटतो. टॅटूइनवर गेलात तर तिथली गोष्ट ल्यूकची, आपण नुसते बघे. परक्या ग्रहावर सगळेच उपरे, तेव्हा गोष्ट आपलीही होऊ शकते. उघडण्याआधी सांगितलं गेलं होतं की मिलेनियम फाल्कन हे यान तुम्ही वेडंवाकडं चालवलंत तर पुढे कँटिनातला माणूस तुम्हाला त्यावरून हटकेल. तुमची अपकीर्ती तुमच्याआधी तिथे पोचलेली असेल. केवढी सुंदर कल्पना! ती प्रत्यक्षात आलीच नाही. उरलं काय, तर निळं दूध आणि २०१९ मध्ये दोनशे डॉलरला मिळणारी, स्वतः जोडायची लाइटसेबर. ‘राइज ऑफ द रेझिस्टन्स’ ही राइड अव्वल आहे. यानातून उतरताच समोर ओळीने उभे स्टॉर्मट्रूपर दिसतात तेव्हा भल्याभल्यांची वाचा बसते. पण ती राइड झाली, गाव नव्हे. गावात आलेल्या परक्या माणसाला तिथे करण्यासारखं काही काम नाही, हे बाटूचं खरं दुखणं. व्हेडर आल्यावर ते काम येणार आहे का? फोटोची रांग तेवढी येईल.

गंमत म्हणजे प्रवाशाला काम देणारा प्रयोग डिस्नेनेच करून पाहिला. फ्लोरिडातलं ‘गॅलॅक्टिक स्टारक्रूझर’ हे हॉटेल मार्च २०२२ मध्ये सुरू झालं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये बंद पडलं. दोन रात्रींचे दोघांना ४,८०० डॉलरच्या आसपास मोजावे लागत, त्यामुळे सर्वसामान्य माणूस बाहेरच राहिला. पण आत गेलेल्याला गुपितं पोचवायची होती, बाजू निवडायची होती, यानाची यंत्रं हाताळायची होती. किमतीने ते बुडालं, आणि खापर फुटलं ते कल्पनेवर.

कुठली गोष्ट पार्कात शोभते याची माझी कसोटी साधी आहे. कथानक बाजूला काढा, नायक-खलनायक उचलून ठेवा. मागे एखादं गाव उरतं का, आणि त्या गावात तुमच्या-माझ्यासारख्या फालतू माणसाला जायला काही निमित्त आहे का? पुस्तक किती खपलं, सिनेमाने किती कमावले, याचा इथे काडीचा संबंध नाही.

हॅरी पॉटर या कसोटीला पुरेपूर उतरतो. मागे उरते शाळा, आगगाडी, बँक, खानावळ आणि दुकानंच दुकानं. रोलिंगची मुलं पुस्तकांत सारखं काही ना काही विकत घेत असतात, छड्या, घुबडं, झगे, गोळ्या. त्यामुळे पार्कातली खरेदी ही गोष्टीत घुसडलेली वाटत नाही. ती गोष्टीतूनच आलेली असते. २०१० मध्ये ऑर्लँडोतल्या युनिव्हर्सलच्या पार्कात पॉटरमधलं हॉग्समीड गाव उघडलं, तेव्हा सिनेमांचे नेपथ्यकार स्टुअर्ट क्रेग यांनीच त्यावर काम केलं होतं. दुकानं सिनेमातल्यासारखीच अरुंद ठेवली. धंद्याच्या हिशेबाने हा वेडेपणा, कारण गिऱ्हाईक बाहेर उन्हात ताटकळतं. पण त्या अरुंदपणामुळेच आत शिरलेल्या माणसाला आपण कुणाच्या तरी गावात आलोय असं वाटतं.

२०१४ मधली डायगन अ‍ॅली तर त्याहून सरस. शेजारच्या पार्कात ‘जॉज’ची राइड काढून त्या जागेवर ती उभी केली. बाहेर लंडनचे दर्शनी भाग आहेत, आत जायची पाटी कुठेच नाही. विटांच्या भिंतीला वळसा घातला की एकदम गल्ली उघडते आणि बँकेच्या माथ्यावर बसलेला ड्रॅगन आग ओकतो. बाहेरच्या लाल टेलिफोन बूथमध्ये ६२४४२ फिरवलं की जादू मंत्रालय फोन उचलतं. ज्याने पुस्तक वाचलंय त्यालाच हे ठाऊक. न वाचलेला बूथपाशी फोटो काढून पुढे जातो आणि त्याचं काही अडत नाही. जाणत्याला बक्षीस आणि अजाणत्याला दंड नाही, ही या गल्लीच्या रचनेतली सभ्यता आहे.

त्याच पॉटरमधली एक फसगतही सांगायला हवी. पावणेदहा नंबरच्या फलाटावर जाताना आपल्या पुढचा माणूस भिंतीतून आरपार गेलेला दिसतो. काचेवरच्या प्रतिबिंबाची, रंगभूमीवर दीड शतक जुनी झालेली युक्ती आहे ती. पण भिंतीतून जाणाऱ्याला स्वतःला काहीच दिसत नाही. तो एका साध्या बोळातून चालतो. चमत्कार मागच्याला, आणि ज्याचा चमत्कार झाला तो कोराच. शिवाय त्या गाडीत बसायचं तर दोन्ही पार्कांचं तिकीट काढा. जादूच्या आड कॅल्क्युलेटर ठेवलेला दिसतो तो असा.

या यशातून धंद्याने नेमका चुकीचा धडा घेतला. त्यांना दिसलं नाव, गाव दिसलंच नाही. मे २०२५ मध्ये युनिव्हर्सलचं ‘एपिक युनिव्हर्स’ ऑर्लँडोत उघडलं, आणि त्यातला पॉटरचा विभाग म्हणजे १९२० च्या दशकातलं पॅरिस. ते येतं ‘फँटॅस्टिक बीस्ट्स’ या मालिकेतून, जी पाच सिनेमांची ठरली होती आणि तिसऱ्यावरच थांबली. रस्ता देखणा आहे, कारागिरीला नाव ठेवायला जागा नाही. पण त्या पॅरिसमध्ये कुणा वाचकाचा जीव अडकलेला आहे? तिथल्या कुठल्या दुकानात जायचं स्वप्न कुणी अकराव्या वर्षी पाहिलं होतं?

मार्व्हलच्या पार्कांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सुपरहीरोचा पत्ता नेहमी ‘संकट जिथे तिथे’ असतो. ‘फास्ट अँड फ्युरियस’च्या राइडमध्ये बस उभी असते आणि पडदा पळतो. निन्टेन्डोचं जग चालतं, कारण मारिओच्या ठोकळ्याला बुक्की मारणं हेच तिथलं काम आणि ते पोरांना घरूनच येतं.

‘अवतार’चं मात्र बघा. त्या सिनेमातल्या दोन पात्रांची नावं पटकन कुणाला सांगता येत नाहीत, अशी टिंगल वर्षानुवर्षं झाली. तरी २०१७ मध्ये डिस्नेच्या अ‍ॅनिमल किंग्डममध्ये उघडलेला पँडोरा विभाग सरळ सरळ यशस्वी आहे. त्याचे रचनाकार जो रोडी यांनी सिनेमाचा प्रसंग पुन्हा उभा करायचा मोह टाळला आणि काळ पुढचा घेतला. युद्ध संपलंय, आपण निसर्ग बघायला आलोय. तरंगते डोंगर, रात्री उजळणारी झाडं. गोष्ट पातळ, पण जागा घट्ट. माझ्या कसोटीला याहून चांगला साक्षीदार नको.

आता ज्याच्यासाठी लेखणी उचलली ते जपानमधलं, घिबली या अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या सिनेमांवरचं घिबली पार्क. आयची प्रांतात, २००५ च्या जागतिक प्रदर्शनाच्या मैदानात, नोव्हेंबर २०२२ मध्ये ते उघडलं. गोरो मियाझाकींनी त्याची आखणी केली. पोट ढवळून काढणाऱ्या मोठ्या राइड नाहीत, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. (पुढे २०२४ मध्ये आलेल्या चेटकिणींच्या दरीत एक घोड्यांचा फिरता पाळणा आहे, तेवढा माफ.) झाडी राखायची, आणि झाडीतून चालता चालता सिनेमातल्या जागा लागायच्या, एवढंच.

त्यातलं सात्सुकी आणि मेचं घर तर २००५ च्या प्रदर्शनासाठीच बांधलेलं. ‘माय नेबर तोतोरो’ १९८८ चा. त्यातल्या दोन बहिणी वडिलांबरोबर खेड्यातल्या ज्या घरात राहायला येतात ते हे. अर्धं जपानी, अर्धं विलायती वळणाचं. वडिलांच्या अभ्यासिकेत पुस्तकांचे ढीग. स्वयंपाकघर, न्हाणीघर, बाहेर हाताने मारायचा पंप. कपाटं उघडून बघायला परवानगी आहे, आणि खण ओढला तर आत त्या काळातले कपडे घड्या घालून ठेवलेले. ते कुठल्याच प्रसंगात दिसत नाहीत. कॅमेऱ्याने तो खण कधी उघडलाच नव्हता. म्हणजे सिनेमा जिथे थांबला तिथून पुढे हे घर सुरू होतं. घरात तोतोरो नाही, मुली नाहीत, त्यांच्या पोशाखातलं माणूसही नाही. घरातली माणसं आत्ता शेजारी गेलीत आणि आपण त्यांची वाट बघत बसलोय, असा सगळा भाव. परक्या माणसाचं काम काय, तर पाहुण्याचं! एवढं नैसर्गिक निमित्त कोट्यवधी ओतून बाटूला सापडलं नाही.

कुणी म्हणेल, हे म्युझियम झालं, पोरांना थरार हवा. मग थराराचंच बोलू. डिस्नेलँडमधली ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही राइड मार्च १९६७ मध्ये सुरू झाली. तिला ना पुस्तकाचा आधार, ना सिनेमाचा. काजव्यांच्या अंधारात पाणथळीतून होडी निघते, ओसरीवर एक म्हातारा आरामखुर्चीत झुलतो, मग होडी धाडकन खाली, हाडांचे सापळे, आणि शेवटी जळतं गाव. मार्क डेव्हिस आणि मंडळींनी यात नायक ठेवलाच नाही. तुरुंगातले चाचे किल्ल्या तोंडात धरलेल्या कुत्र्याला चुचकारतात, हा प्रसंग २००३ च्या सिनेमाने इथून उचलला. पुढे २००६ मध्ये त्या सिनेमातला जॅक स्पॅरो आणून याच राइडमध्ये ठेवला! बापाच्या घरात पोराची पाटी. तेव्हापासून होडीतली माणसं गाव बघत नाहीत, जॅक कुठे लपलाय ते शोधतात.

आपल्याकडेही हेच. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ मध्ये उघडलं तेव्हा त्यात ‘मिस्टर इंडिया’ची राइड होती. १९८७ च्या त्या सिनेमातली जान म्हणजे पोरांनी गजबजलेलं ते भाड्याचं घर. ते बांधायचं सोडून पडद्यासमोर हलणाऱ्या खुर्च्या मांडल्या. त्याच पार्कात राजासॉरसची पाण्यातली राइड होती, नर्मदेच्या खोऱ्यात ज्याची हाडं सापडली त्या आपल्याच मातीतल्या डायनासोरची, कुठल्याही सिनेमाकडून नाव उसनं न घेता. मला विचाराल तर त्या पार्काची खरी कल्पना ती होती. आणि गणपतीचे देखावे? ‘बाहुबली’ आला आणि मंडळांमागून मंडळांनी माहिष्मतीचे महाल उभारले. वर्गणीवर चालणारं मंडळ आणि अब्जावधी डॉलरची कंपनी एकाच रोगाने आजारी पडावीत, याचं नवल वाटतं.

(माझ्या कसोटीला मराठीत ‘बटाट्याची चाळ’ तंतोतंत उतरते: गावच गाव, कथानक जवळपास नाहीच. पण ती चाळ पुलंच्या आवाजात उभी आहे, चुन्याविटांत नाही. बांधायला गेलात तर वडापावचा स्टॉल तेवढा हाती लागेल.)

गाव म्हणजे काय हे धंद्याला कधीच कळलं नव्हतं, असंही नाही. डिस्नेलँडमध्ये १९५६ पासून टॉम सॉयरचं बेट होतं. मार्क ट्वेनची लोकप्रिय कादंबरी, पण बेटावर टॉम कुठे? तराफ्याने पलीकडे जायचं. गुहा, किल्ला, हिंदकळणारा पिंपांचा पूल आणि धावायला मोकळी जागा. रांग नाही, पडदा नाही. जे टॉमने केलं तेच पोरांनी करायचं. २००७ मध्ये त्या बेटावर ‘पायरेट्स’ सिनेमाचं कलम केलं. फ्लोरिडातल्या मॅजिक किंग्डममध्ये तसंच बेट १९७३ पासून होतं. जुलै २०२५ मध्ये ते, त्याच्याभोवतीची नदी आणि नदीतली आगबोट सगळं बंद झालं. त्या जागी ‘कार्स’ येतोय. बोलक्या मोटारींच्या गावात माणसाने काय करायचं, हे कुणी विचारलेलं दिसत नाही.

म्हणून व्हेडरच्या आगमनाला टाळ्या वाजवणाऱ्यांशी माझं भांडण आहे. तुम्ही चेहरा मागितलात आणि त्यांनी तो दिला, कारण चेहरा स्वस्त पडतो. पोशाख शिवला, माणूस उभा केला, काम झालं. कँटिनातल्या माणसाने तुम्हाला ओळखणं महाग पडतं, आणि ते मागायचं तुम्ही सोडून दिलंत. मे २०२५ मध्ये डिस्नेने अबूधाबीच्या यास बेटावर नव्या पार्काची घोषणा केली. ते आपल्याला ऑर्लँडोपेक्षा फार जवळ. मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्या उद्या त्याची पॅकेजं विकतील. तिथे कोणकोणती पात्रं भेटणार याच्या याद्या तेव्हा जाहिरातीत येतील. मला त्यात एकच ओळ शोधायची आहे: आधी सिनेमा निघालेला नाही अशी एखादी तरी राइड तिथे आहे की नाही.