साडी नेसलेली मरिया

चित्राचा देश कोठें पहावयाचा: वेषांत, विषयांत कीं रेषेंत? गोमंतकीय चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांच्या चित्रांपुढें उभें राहिलें असतां हा प्रश्न आम्हांस टाळतां येत नाहीं.

सांत इस्तेव्ह गांवीं जन्मलेल्या फोन्सेका यांनीं वैद्यकाचें शिक्षण सोडून कुंचला हातीं घेतला व बंगालमध्यें जाऊन अवनींद्रनाथ ठाकूर यांचें शिष्यत्व पत्करलें. गोव्यास परतल्यावर त्यांनीं कुमारी मरियेस साडी नेसविली. तेथील धर्मनिष्ठांस तो अधिक्षेप वाटला, आणि पुढें चित्रकारानें पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमांत आश्रय घेतला.

आक्षेपकांचा तर्क आम्हांस लंगडा वाटतो. जी मरिया त्यांस परंपरागत वाटे, तीहि पॅलेस्टाइनची नव्हे, युरोपची होती. पंधराव्या शतकांतील फ्लेमिश चित्रकारांनीं देवदूताचें आगमन आपल्याच देशांतील घरांत घडविलें. त्यांस जें मोकळें होतें तें गोमंतकीयास निषिद्ध कां असावें?

परंतु एवढ्यानें समर्थन पुरें होत नाहीं. नुसती साडी हा नाटकी वेषहि असूं शकतो. फोन्सेका यांचें खरें यश मरियेच्या बैठकींत, तिच्या झुकलेल्या दृष्टींत व संयत रेषेंत आहे. उणीव दाखवावयाची तर ही कीं, जपानी चित्रकारांपासून बंगालनें उचललेली जलरंगांची धूसर पद्धति कोंकणच्या प्रखर उन्हाला मानवत नाहीं. कित्येक चित्रांत गोवा वस्त्रांत दिसतो, प्रकाशांत दिसत नाहीं.

तथापि आम्हीं सुशिक्षितांनीं त्या धर्मनिष्ठांस हसण्यापूर्वीं आपल्या देवघराकडे पहावें. १८९४ सालीं मुंबईंत निघालेल्या रविवर्म्यांच्या छापखान्यांतून आलेली लक्ष्मी आमच्या घरांनीं बिनतक्रार पूजिली. तिची साडी आमची, पण छायाप्रकाश व शरीराची घडण युरोपीय तैलचित्रांची. फोन्सेका यांचें नेमकें उलट होतें: विषय परका मानला गेला, पण पद्धति पौर्वात्य होती. गोव्यानें साडी पाहून नाकारलें, आम्हीं साडी पाहून स्वीकारलें. रेषा दोघांनींहि पाहिली नाहीं.

फोन्सेका यांचीं पुष्कळ चित्रें आज गोव्यांतच, पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रांत, जतन केलेलीं आहेत. तेथें जाणाऱ्या रसिकानें साडीपाशीं न थांबतां रेषेपर्यंत जावें, एवढीच आमची विनंति आहे.