‘चालत नाही’ या वाक्याचा कर्ता

विंडोजखेरीज अन्य ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली, वापरणाऱ्यांच्या बोलण्यात एक वाक्य पुनःपुन्हा आढळते : ‘लिनक्सवर हा प्रिंटर चालत नाही.’ प्रस्तुत टिपणात या वाक्याचे परीक्षण करावयाचे आहे. अशा प्रणालीभोवती जमलेल्या समाजाच्या मनोबलाविषयी जी चर्चा होते, तिच्यातील बराचसा घोटाळा या वाक्याच्या रचनेतच दडलेला आहे, असे आमचे मत आहे.

मराठीत ‘चालणे’ या क्रियापदाच्या निषेधरूपाला दोन भिन्न अर्थ आहेत. ‘घड्याळ चालत नाही’ या वाक्यात वस्तूचा बिघाड अभिप्रेत असतो. ‘पाहुण्यांना कांदा चालत नाही’ या वाक्यात कोणाचा तरी नकार. प्रिंटरविषयी बोलणाऱ्याला पहिला अर्थ अभिप्रेत असतो. वस्तुस्थिती बहुधा दुसऱ्या अर्थाची असते. प्रिंटर सुस्थितीत असतो, लिनक्सही सुस्थितीत असते; त्या दोहोंमध्ये संभाषण घडवून आणणारा ड्रायव्हर तेवढा नसतो. तो नसण्याचे कारण असे की, निर्मात्याने तो स्वतः लिहिलेला नसतो आणि इतरांनी लिहावा म्हणून यंत्राच्या आज्ञांचे व्याकरणही प्रसिद्ध केलेले नसते. नकार देणारा निर्माता. पण वाक्यात त्याला स्थानच नाही. सारा दोष ‘लिनक्सवर’ या अधिकरणाच्या माथी येतो.

‘ड्रायव्हर’ला ‘चालक’ हा प्रतिशब्द सुचवला जातो. तो शब्दशः योग्य असला तरी दिशाभूल करणारा आहे. ड्रायव्हरचे खरे काम दुभाष्याचे. १६७४ मध्ये शिवराज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हा त्याच्यासोबत नारायण शेणवी हा ईस्ट इंडिया कंपनीचा दुभाषा होता. ज्याच्या मुखातून बोलणी व्हावयाची तो दुभाषा कोणाच्या पदरी आहे, हा प्रश्न राजकारणात कधीच गौण नसतो. संगणकाच्या क्षेत्रातही तो गौण नाही. निर्मात्याने दिलेला बंदिस्त ड्रायव्हर हा निर्मात्याच्या पदरचा दुभाषा होय. धन्याची मर्जी फिरली की तोही निघून जातो. मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटीत १९८० च्या सुमारास रिचर्ड स्टॉलमन यांना झेरॉक्सच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅमची मूळ संहिता मिळू शकली नाही. त्यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पामागे हा अनुभवही होता. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीच्या मुळाशी एका दुभाष्याचे मौन आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता आपल्याकडील उदाहरण घेऊ. २००० च्या सुमारास इंडलिनक्ससारख्या उपक्रमांतून भारतीय भाषा लिनक्सवर आणण्याचे काम सुरू झाले. पुढे रेड हॅटने २००४ मध्ये ‘लोहित’ टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध करून दिले. स्वयंसेवकांनी मेनू व संदेश मराठीत आणले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ ही डेबियनवर आधारलेली प्रणाली काढली. ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ यांतील भेद पडद्यावर उमटलाच पाहिजे, हे सांगण्यासाठी कोणा कंपनीची अनुमती लागत नव्हती. ते ज्ञान समाजाच्या जिभेवरच होते. याच काळात बाजारातील अनेक अंतर्गत मोडेम मात्र असे होते की, त्यांचे निम्मे काम विंडोजसाठीच लिहिलेला बंदिस्त प्रोग्रॅम करीत असे. लिनक्सवर ते मुके राहत. हे ज्ञान निर्मात्याच्या तिजोरीत होते, आणि कितीही उत्साहाने ती तिजोरी उघडणे शक्य नव्हते.

या दोन कामांतील भेद न ओळखता समाजाच्या ‘निष्ठेची’ चिकित्सा करणे हा टीकेचा मोठा दोष आहे. एक पक्ष म्हणतो, कार्यकर्ते कमी पडले. दुसरा म्हणतो, वापरणाऱ्यांनी कळ सोसावी. दोन्ही पक्ष ज्ञानाच्या अभावाला इच्छाशक्तीचा अभाव समजतात. भिवापुरासारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयीन कार्यालयात बोनाफाइड छापून हवे असते, तेव्हा लिपिकाला कळ सोसण्याचा उपदेश करणे निरर्थक आहे.

तथापि पुरेसे ड्रायव्हर मिळाले की मनोबल आपोआप वाढते, हेही खरे नाही. २००१ पासून चाललेल्या हायकू प्रकल्पाने फ्रीबीएसडीचे नेटवर्क ड्रायव्हर एका मध्यस्थ थराच्या साहाय्याने उसने घेतले. वापरणारे थोडे असूनही तो टिकून आहे. उलट, ॲपलच्या २०२० नंतरच्या संगणकांवर लिनक्स आणणाऱ्या असाही प्रकल्पाने निर्मात्याकडून व्याकरण मिळालेले नसताना ड्रायव्हर लिहून दाखवले. हे तांत्रिक यश निर्विवाद होय. तरीही २०२५ च्या फेब्रुवारीत त्याचे प्रमुख हेक्टर मार्टिन यांनी पद सोडले. वापरणाऱ्यांच्या न संपणाऱ्या मागण्या आणि लिनक्सच्या गाभ्याच्या विकसकांशी झालेले वाद ही कारणे त्यांनी नमूद केली. ज्याने मौन फोडले त्यालाच ‘अजून हे चालत नाही’ असे ऐकावे लागले. कर्ता लुप्त असलेले वाक्य शेवटी जवळच्या माणसाच्या वाट्याला जाते.

यावरील खरा उपाय मराठी वाचकाला अपरिचित नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी प्रत्येक टंकाची अंतर्गत संकेतव्यवस्था निराळी असे. एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की अक्षरांचा गोंधळ उडे. परिवर्तक तयार झाले, परंतु मूळ दुखणे हटले ते समान संकेताने. छपाईतही तेच होत आहे. इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉलची समान भाषा बोलणाऱ्या अनेक नव्या प्रिंटरांना आता स्वतंत्र ड्रायव्हर लागत नाही. जेथे प्रमाणभाषा आहे आणि तिचे व्याकरण खुले आहे, तेथे दुभाष्याची गरजच घटते.

म्हणून समाजाच्या मनोबलाची कसोटी ड्रायव्हरांच्या संख्येत शोधू नये. तो समाज किती नेमके बोलतो, यात शोधावी. ‘अमुक निर्मात्याने अमुक यंत्राचे व्याकरण दिलेले नाही, छपाई होते, स्कॅन होत नाही’ हे वाक्य कर्त्याला त्याचे स्थान परत देते, स्वयंसेवकाला अनाठायी अपराधभावातून सोडवते, आणि खरेदी करणाऱ्या संस्थेला कोणते यंत्र घेऊ नये हेही सांगते. महाविद्यालये व शासकीय कार्यालये यांनी निविदेत खुल्या प्रमाणांची अट घातली, तर जे आर्जवाने साधले नाही ते व्यवहाराने साधण्याचा संभव आहे. परंतु त्यासाठी प्रथम कर्ता कोण हे वाक्यात लिहावे लागेल. व्याकरणाची ही शिस्त येथे अलंकार म्हणून नव्हे, न्याय म्हणून हवी आहे.