दार नसलेल्या जागेचे नियम : महात्मा फुले मंडई, मुखपट्टी आणि शिथिलीकरणाच्या आदेशांची समीक्षा

प्रस्तावना

कोविड-१९ च्या साथीत महाराष्ट्र शासनाने काढलेले आदेश सामान्यतः प्रशासकीय कागद म्हणून वाचले गेले आणि त्यांची मुदत संपताच विस्मरणात गेले. वस्तुतः दोन वर्षे कोट्यवधी लोकांचे चालणे, बसणे, बोलणे, एवढेच नव्हे तर श्वास घेणेही ज्या मजकुराने ठरविले, तो मजकूर समीक्षेचा विषय होण्यास पात्र आहे. इतर कोणत्याही संहितेप्रमाणे आदेशालाही काही गृहीतके असतात. त्याला काही जागा दिसतात, तर काही दिसत नाहीत. प्रस्तुत लेखात निर्बंध शिथिल होण्याच्या काळातील, म्हणजे प्रामुख्याने नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील आदेशांचा विचार पुण्याच्या महात्मा फुले मंडईच्या संदर्भात केला आहे. तुलनेसाठी करमणूक उद्यान, म्हणजेच रूढ भाषेतील ‘थीम पार्क’, ही जागा घेतली आहे. दार आणि तिकीट असलेली जागा या आदेशांना समजते, दार नसलेली समजत नाही. म्हणून मंडईसारख्या ठिकाणी जागेची सारी जबाबदारी माणसाच्या चेहऱ्यावर येऊन पडली, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

दोन जागा, दोन प्रकारची गर्दी

शुक्रवार पेठेतील मंडईची दगडी वास्तू १८८६ मध्ये खुली झाली. तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला रे मार्केट असे नाव होते. नगरपालिकेचे सभासद या नात्याने जोतीराव फुले यांनी या इमारतीवरील खर्चास विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९३८ मध्ये आचार्य प्र. के. अत्रे यांच्या पुढाकाराने याच वास्तूला फुले यांचे नाव मिळाले. सार्वजनिक पैसा कोणासाठी आणि कशावर, हा प्रश्न अशा रीतीने या इमारतीच्या जन्मापासूनच तिच्याशी निगडित आहे.

मधला अष्टकोनी मनोरा, त्यापासून चहूकडे फुटलेल्या शाखा, उंच छप्पर आणि उंच ओट्यांवर बसलेले विक्रेते अशी मंडईची रचना आहे. परंतु मंडई म्हणजे केवळ ही इमारत नव्हे. बाहेरच्या पथाऱ्या, हातगाड्या, पाटी घेऊन बसलेल्या बायका, हमाल, रिक्षा आणि तुळशीबागेकडे जाणारी माणसे हे सर्व मिळून मंडई होते. येथे येणारा प्रत्येक जण गिऱ्हाईक असतोच असे नाही. कोणी वाट म्हणून येतो, कोणी मालाबरोबर येतो, तर कोणी केवळ चौकशीसाठी येतो. यांची मोजणी कोणत्या दारावर करावयाची?

याउलट करमणूक उद्यान ही मोजणीसाठीच जणू बांधलेली जागा आहे. २०१३ मध्ये सुरू झालेले, पुणेकरांच्या परिचयाचे खोपोलीजवळील ‘इमॅजिका’ घ्या किंवा जगातील कोणतेही मोठे उद्यान घ्या. कुंपण, दार, तिकीट आणि खेळापुढची रांग ही त्याची मूलभूत रचना असते. म्हणूनच ११ मे २०२० रोजी शांघायचे डिस्नेलँड पुन्हा उघडले तेव्हा चिनी शासनाला प्रवेशाची मर्यादा नेहमीच्या क्षमतेच्या ३० टक्के अशी आकड्यात सांगता आली. तिकीट कमी विकले की गर्दी कमी, इतके ते गणित सरळ होते.

‘क्षमता’ या शब्दाची मर्यादा

शासनाच्या २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशात बंदिस्त जागेसाठी क्षमतेच्या ५० टक्के आणि खुल्या जागेसाठी २५ टक्के अशी मर्यादा कार्यक्रम व मेळाव्यांसंदर्भात घातलेली होती. क्षमता जाहीर नसेल तेथे ती ठरविण्याचा अधिकार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे होता. ओमायक्रॉनची लाट आल्यावर ८ जानेवारी २०२२ च्या आदेशाने करमणूक उद्याने, प्राणिसंग्रहालये, वस्तुसंग्रहालये आणि किल्ले यांसह तिकीट असलेली सार्वजनिक ठिकाणे बंद करण्यात आली. १ फेब्रुवारीपासून लसीकरणाच्या अटी पूर्ण करणाऱ्या जिल्ह्यांत करमणूक उद्याने ५० टक्के क्षमतेने सुरू झाली. मार्चच्या प्रारंभी पुणे व रायगडसह १४ जिल्ह्यांना पूर्ण क्षमतेची मुभा मिळाली. अखेर २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, सर्व निर्बंध उठले आणि मुखपट्टी ऐच्छिक झाली.

ही क्रमवारी लक्षपूर्वक पाहिली असता एक बाब स्पष्ट होते. शून्य, ५० आणि १०० या पायऱ्या केवळ दार असलेल्या जागेलाच लागू पडतात. मंडईला ५० टक्के म्हणजे काय, याला उत्तर नाही, कारण तिचे १०० टक्के कधी कोणी ठरविलेलेच नाही. जानेवारीच्या त्याच आदेशात पहाटे ५ ते रात्री ११ या वेळेत पाच किंवा अधिक जणांच्या गटाने फिरण्यास मनाई होती. परंतु मंडईत एका गाळ्यापुढे पाच गिऱ्हाइके उभी असणे हा गट नव्हे, तो व्यवहार होय. नियमाच्या भाषेत त्या पाच अनोळखी माणसांना नावच नव्हते. जागेविषयी काही सांगता येत नसल्यामुळे आदेशापाशी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे प्रत्येकाच्या तोंडावरील पट्टी.

वेळ आवळली, गर्दी दाटली

जागेप्रमाणेच वेळेचाही विचार करणे आवश्यक आहे. दुसऱ्या लाटेत, २० एप्रिल २०२१ पासून, किराणा व भाजीपाल्याची दुकाने सकाळी ७ ते ११ एवढाच वेळ उघडी ठेवण्यात आली. लोकांनी घराबाहेर कमी पडावे हा हेतू समजण्यासारखा आहे. तथापि भाजी ही रोजची गरज आहे, आणि गिऱ्हाइकांची संख्या तेवढीच राहून वेळ कमी झाला तर त्या वेळेत दाटी वाढणार, हे समजण्यास आकडेमोडीची गरज नाही. करमणूक उद्यानात तिकीट संपले की माणूस परत जातो. मंडईत भाजी मिळाली नाही तर तो दुसऱ्या दिवशी अधिक लवकर येतो. एकीकडे मुखपट्टी आणि अंतर यांचा आग्रह धरावयाचा आणि दुसरीकडे अंतर राखण्यास लागणारा वेळच काढून घ्यावयाचा, हा त्या नियमावलीतील अंतर्विरोध होता.

गर्दी ही लोकांच्या बेशिस्तीतून निर्माण होते, असे गृहीतक या सर्व व्यवस्थेमागे दिसते. पुण्यातीलच पुरावा वेगळे सांगतो. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये शहरातील पाच प्रभागांत झालेल्या रक्तद्रव्य सर्वेक्षणात तपासलेल्यांपैकी सुमारे ५१.५ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली, आणि सामायिक शौचालय वापरणाऱ्यांत हे प्रमाण स्वतंत्र शौचालय असणाऱ्यांपेक्षा अधिक होते. संसर्गाचे प्रमाण वागणुकीइतकेच, किंबहुना अधिक, वाट्याला आलेल्या जागेवर अवलंबून होते.

रुमालाचा दर्जा

मुखपट्टीच्या नियमाचा इतिहासही उद्बोधक आहे. एप्रिल २०२० मध्ये मुखपट्ट्यांचा तुटवडा असताना केंद्र शासनाने घरगुती कापडी पट्टी वापरण्याचा सल्ला दिला. पुढे नोव्हेंबर २०२१ च्या आदेशात मात्र रुमाल म्हणजे मुखपट्टी नव्हे आणि रुमाल बांधणारा ५०० रुपये दंडास पात्र आहे, असे स्पष्ट करण्यात आले. वैद्यकीयदृष्ट्या यात चूक नाही. एकपदरी रुमालाने पुरेसे संरक्षण होत नाही हे खरेच आहे.

प्रश्न वैद्यकाचा नसून न्यायाचा आहे. मंडईतील हमालाच्या खांद्यावरील पंचा हा घाम पुसण्याचा, ओझ्याखाली चुंबळ करण्याचा आणि साथीत तोंडाला बांधण्याचा असा एकच कपडा होता. विक्रेत्या बाईचा पदरही तसाच. आदेशाच्या एका ओळीने हा कपडा पुरेसा न ठरता दंडनीय ठरला. करमणूक उद्यानात जाणाऱ्याचे प्रवेशमूल्यच बहुधा दंडाच्या रकमेहून अधिक असते; पाटीवालीला तेवढ्यासाठी कोथिंबिरीच्या किती जुड्या विकाव्या लागतील याचा हिशेब आदेशात असणे शक्य नव्हते. परंतु रुमाल अमान्य करणाऱ्या वाक्यालाच मुखपट्टी कोणी पुरवावयाची हे सांगणारे दुसरे वाक्य जोडणे शक्य होते.

ओरडण्याचा अधिकार

आवाजाच्या बाबतीत ही तुलना अधिक बोलकी होते. २०२० च्या उन्हाळ्यात जपानमधील करमणूक उद्यानांनी पाहुण्यांना एक विनंती केली. उंच झोक्यावर वा रुळांवरील वेगवान गाडीत मुखपट्टी लावावी आणि किंचाळू नये, कारण ओरडण्याने तुषार अधिक दूर जातात. फुजी-क्यू या उद्यानाचे ‘मनातल्या मनात किंचाळा’ हे आवाहन जगभर कौतुकाने पाहिले गेले. तेथे आवाज हा मौजेचा भाग होता. तो आवरला तर मौज थोडी उणावते, एवढेच.

मंडईत आवाज हे भांडवल आहे. भाव पुकारल्याशिवाय गिऱ्हाईक वळत नाही आणि घासाघीस केल्याशिवाय व्यवहार तुटत नाही. मुखपट्टीआडून पुकारलेला भाव शेजारच्या गाळ्यापर्यंतही धड पोहोचत नाही. म्हणून हनुवटीवर ओढलेली पट्टी दिसली की तिला बेफिकिरी म्हणणे सोपे होते. ती पुष्कळदा पोट आणि नियम यांच्यातील तडजोड होती. मनातल्या मनात भाजी विकता येत नाही. भाव ठळक अक्षरांत लिहिलेल्या पाट्या, गाळ्यांपुढे खुणा केलेल्या रांगा यांसारखे साधे उपाय नियमाच्या मुख्य मजकुरात आले असते, तर आवाजाची गरजच काही अंशी कमी झाली असती.

संभाव्य आक्षेप

या विवेचनावर एक आक्षेप घेता येईल. जेथे दार नाही तेथे मुखपट्टीवाचून दुसरे साधन होतेच कोणते? शिवाय साथीत आदेश घाईने काढावे लागतात. हा आक्षेप रास्त आहे. विषाणू हवेतून पसरतो हे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये मान्य केले, आणि दाटीच्या ठिकाणी मुखपट्टी उपयुक्त होती याविषयी येथे शंका घेतलेली नाही. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला, तेव्हाही या शहराने मुखपट्टी जवळ केली होती.

तथापि हवेतून प्रसार मान्य केला की जागेचा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. उंच छपराखालचा ओटा आणि बाहेरची अरुंद बोळ यांतील हवा सारखी नसते, परंतु मुखपट्टीच्या नियमाने दोन्ही सारखीच मानली. घाईचे कारणही मार्च २०२० मध्ये जितके पटते, तितके नोव्हेंबर २०२१ मध्ये पटत नाही. १८९७ च्या साथरोग कायद्याचा आधार घेऊनच २०२० मधील नियम केले गेले. त्याच कायद्याच्या पहिल्या वर्षी पुण्यात प्लेगच्या अंमलबजावणीतील घरझडत्यांनी लोकांचा रोष ओढवला आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. दोन प्रसंगांची तीव्रता सारखी नाही, हे उघड आहे. पण नियम ज्यांच्यावर पडतो त्यांना त्याच्या रचनेत स्थान नसणे, हे साम्य मात्र दुर्लक्षिण्याजोगे नाही.

समारोप

२०२० मध्ये पुण्यात गणपतीची विसर्जन मिरवणूक निघाली नाही. निर्बंध उठल्यानंतरच्या पहिल्या गणेशोत्सवात, ९ सप्टेंबर २०२२ रोजी, मंडईतील टिळक पुतळ्यापासून निघालेली मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालू होती. शिथिलीकरण म्हणजे केवळ बंदी उठणे असे मानले की गर्दी जशीच्या तशी परत येते. मधल्या दोन वर्षांत जागेविषयी काही शिकल्याची खूण तिच्यात उरत नाही.

पुढील साथीसाठी दार नसलेल्या जागांचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा. बाजाराची वेळ कमी करण्याऐवजी वाढविणे, पथाऱ्यांना तात्पुरती मोकळी मैदाने देणे, येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या करणे, मुखपट्टी सक्तीची करावयाची असल्यास ती ओट्यावर पोहोचविणे, आणि हे सर्व ठरविताना गाळेधारक, पथारीवाले व हमाल यांना विचारणे, या गोष्टी खर्चाच्या आहेत. परंतु सार्वजनिक खर्च कोणासाठी हा प्रश्न जोतीरावांनी याच मंडईच्या निमित्ताने नगरपालिकेत उपस्थित केला होता. त्यांचे नाव धारण करणाऱ्या वास्तूच्या संदर्भात तरी त्याचे उत्तर ५०० रुपयांची पावती एवढेच असू नये.