'परिसर' आणि 'पर्यावरण' : पाठ्यभाषेचा एक प्रश्न

सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली पर्यावरणशिक्षण सक्तीचे करण्याविषयी निर्देश दिले. तेव्हापासून या विषयावरील मराठी बालसाहित्य वाढत आले आहे. त्याचे परीक्षण बहुधा आशयाच्या अंगाने होते; परिभाषेकडे सहसा कोणी वळत नाही.

बालभारतीने प्राथमिक वर्गांसाठी योजिलेले 'परिसर अभ्यास' हे नाव समर्पक होय. 'परिसर' शब्दाच्या मुळाशी 'सृ' हा गतिवाचक धातू आहे. मूल हिंडते-फिरते तो त्याचा परिसर. 'पर्यावरणा'त केवळ आवरण उरते. तिसरीचे पुस्तक जिल्हावार काढण्याची योजनाही याच दृष्टीला धरून झाली. परंतु सातारा जिल्हा हा एक परिसर नव्हे. महाबळेश्वरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर त्याच जिल्ह्यातील माण तालुका अवर्षणप्रवण आहे. पाण्याचा एकच पाठ दोहोंकडे कसा चालावा?

पुढील वर्गांत 'शाश्वत विकास' येतो. 'शाश्वत' म्हणजे नित्य, अविनाशी. मूळ कल्पना मात्र जपून वापरले तरच टिकेल, अशी सशर्त आहे; प्रतिशब्दात नेमकी ही अटच गळते. महाबळेश्वर-पाचगणीचा प्रदेश 2001 साली पर्यावरणदृष्ट्या 'संवेदनशील' म्हणून अधिसूचित झाला. वृत्तपत्री मराठीत संवेदनशील असतात ती मतदानकेंद्रे आणि दंगलीच्या वस्त्या! मुलाने या शब्दावरून काय समजावे?

याउलट 'सडा' हा शब्द पाहावा. जांभ्या खडकाच्या उघड्या माथ्याला सह्याद्रीत हे नाव आहे. त्यावर माती बोटभर, तीही नत्राला पारखी. म्हणूनच पावसाळ्यात तेथे 'सीतेची आसवे' ही कीटकभक्षी वनस्पती फुलते आणि मातीत न मिळणारे नत्र सूक्ष्म जीवांपासून मिळविते. अधिवास, अनुकूलन, अन्नजाळे या तिन्ही संज्ञा या एका फुलावरून शिकविता येतील. 2012 साली जागतिक वारशात समाविष्ट झालेले कासचे पठार हा असाच सडा. महसुली दप्तरात मात्र लागवडीस निरुपयोगी जमिनीला सरसकट 'पोटखराबा' म्हणतात. सड्याला पाठ्यपुस्तकाने 'ओसाड पठार' म्हटले, तर ते दप्तराचीच भाषा बोलेल. आणि उद्या त्या जमिनीच्या व्यवहारावर सही करणाराही बहुधा याच शाळेतून शिकून गेलेला असेल.