हात लावून पाहणे : व्यापारी अंतर्गत सजावटीतील स्पर्शविचार

दुकानांच्या अंतर्गत सजावटीचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने रंग, प्रकाश व मांडणी या दृश्य घटकांच्या आधारे केला जातो. स्पर्श गौण ठरतो. फिनलंडचे वास्तुविशारद युहानी पल्लास्मा यांनी ‘द आइज ऑफ द स्किन’ (१९९६) या ग्रंथात वास्तुकलेतील दृष्टीच्या या वर्चस्वावर टीका केली आहे. ती नांदेड-लातूरच्या बाजारपेठेला कितपत लागू पडते, हे प्रस्तुत लेखात तपासावयाचे आहे.

कापड दुकानातील पारंपरिक गादीची बैठक ही मुळात स्पर्शासाठी केलेली रचना होय. ग्राहक पादत्राणे काढून बसतो, ठाण त्याच्यापुढे उलगडले जाते आणि कापड चिमटीत धरून पोत पाहिल्यावर भावाची बोलणी सुरू होतात. ‘हात लावून पाहणे’ या मराठी प्रयोगात स्पर्श हेच पाहणे असते. पायाखालची शहाबादी फरशीही उन्हाळ्यात तळपायांना गारवा देते. याउलट काचेआडचा पुतळा आणि दगडाचे चित्र छापलेला वॉलपेपर केवळ डोळ्यांसाठी असतात. पोताचे चित्र म्हणजे पोत नव्हे.

येथवर पल्लास्मांचे प्रतिपादन पटते. परंतु लातूरच्या संदर्भात ते अपुरे वाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीची घरे कोसळून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. मातीतील कच्चे बांधकाम, भिंतीचे दोन्ही थर सांधणाऱ्या आडव्या दगडांचा अभाव आणि माळवदावरील मातीचा भार ही त्यामागील प्रमुख कारणे होती. दोष केवळ दगडाचा नव्हता. तथापि, ज्यांच्या आप्तांवर भिंत पडली, त्यांच्या तळहाताला खडबडीत दगड आपुलकीचा वाटेलच असे नाही. त्यामुळे येथील गुळगुळीत भिंतीस सरसकट अभिरुचीचा अभाव म्हणता येत नाही; तिच्यामागे भयाची स्मृतीही असू शकते.

तात्पर्य, स्पर्शाचा पुरस्कार म्हणजे ओबडधोबड दगडाचा पुरस्कार नव्हे. गादी, लाकडी फळी, चुन्याचा गिलावा यांतूनही स्पर्शाचा विश्वास परत आणता येईल. सजावटकाराने पोत निवडण्यापूर्वी तो कोणाच्या हाताला लागणार आहे आणि त्या हाताने काय सोसले आहे, याचा विचार करणे अगत्याचे आहे.