दाराजवळची खुर्ची

आपला माणूस एखाद्या संस्थेत घेतला गेला की आपण पेढे वाटतो. त्याला कुठे बसवले आहे, हे मात्र पाहत नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय नट आयव्हन डिक्सन याने १९७३ साली दिग्दर्शित केलेला ‘द स्पूक हू सॅट बाय द डोअर’ हा चित्रपट नेमक्या याच प्रश्नावर उभा आहे. ‘स्पूक’ म्हणजे भूत. बोलीत त्याचा अर्थ गुप्तहेर असाही होतो, आणि काळ्या माणसाला हिणवण्यासाठीही हाच शब्द वापरला गेला. दाराजवळ बसवलेला हा माणूस या तिन्ही अर्थांनी ‘स्पूक’ आहे.

डिक्सन १९३१ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जन्मला. नॉर्थ कॅरोलिनातील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयातून त्याने १९५४ साली नाट्यशास्त्राची पदवी घेतली. १९५९ साली लोरेन हॅन्सबेरीच्या ‘अ रेझिन इन द सन’ या नाटकात त्याने असागाई हा नायजेरियन विद्यार्थी उभा केला. १९६४ च्या ‘नथिंग बट अ मॅन’ मध्ये तो डफ अँडरसन झाला. डफ हा रेल्वेमार्गावर काम करणारा मजूर. त्याला क्रांती करायची नाही. बायकोबरोबर संसार करावा आणि गोऱ्या मालकापुढे मान न वाकवता मजुरी मिळवावी, एवढीच त्याची मागणी आहे. पण तेवढ्यानेच तो ‘माजलेला’ ठरतो आणि त्याची कामे सुटत जातात. डिक्सन इथे आवाज चढवत नाही. अपमान गिळताना त्याचा जबडा तेवढा आवळतो. साध्या माणूसपणाची मागणीही व्यवस्थेला बंडखोरी वाटते, हे कुठल्याही भाषणाशिवाय आपल्यापर्यंत पोहोचते.

असे काम करणाऱ्या नटाला पुढे काय मिळाले? १९६५ ते १९७० या काळात ‘होगन्स हीरोज’ या विनोदी टेलिव्हिजन मालिकेत तो सार्जंट किंचलो होता. जर्मनांच्या छावणीतील युद्धकैद्यांच्या टोळीत हा एक काळा सैनिक. तो हुशार आहे, तंत्रज्ञ आहे, आणि त्याची जागा बहुतेक वेळ बिनतारी यंत्रापाशी आहे. पाच हंगाम ही भूमिका करून डिक्सन बाहेर पडला. मालिकेचा शेवटचा हंगाम त्याच्याशिवाय झाला.

हे लक्षात ठेवून १९७३ चा चित्रपट पाहावा. तो सॅम ग्रीनली याच्या १९६९ सालच्या कादंबरीवर आधारलेला आहे. ग्रीनलीने स्वतः अमेरिकेच्या परदेशी प्रचारखात्यात नोकरी केली होती. कथेतील गोऱ्या सिनेटरला काळ्यांची मते हवी आहेत, म्हणून सीआयएत काळे का नाहीत असा प्रश्न तो उभा करतो. भरती निघते. उमेदवार एकेक करून गाळले जातात. डॅन फ्रीमन एकटा टिकतो. त्याला काम मिळते कागदांच्या प्रती काढण्याचे, आणि पाहुणे आले की त्यांच्या नजरेस पडण्याचे. पाच वर्षे तो हसतमुखाने हे करतो, मग राजीनामा देतो, शिकागोला परततो आणि आत शिकलेली सगळी युद्धविद्या वस्तीतल्या पोरांना शिकवतो.

चित्रपटाचे खरे बळ बंदुकांत नाही. ते एका निरीक्षणात आहे. हातात झाडू किंवा ट्रे असलेला काळा माणूस कुठेही जाऊ शकतो, कारण त्याच्याकडे कोणी पाहतच नाही, हे फ्रीमन पोरांना सांगतो. ज्या नजरेने त्याला माणसातून उठवले, त्याच नजरेचा आंधळेपणा तो हत्यार म्हणून वापरतो. हे वाक्य झाडूची ओळख असलेल्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

मलाही ते समजावून घ्यावे लागले नाही. एका महाविद्यालयात तपासणी समिती आली तेव्हा मला पहिल्या रांगेत बसवले होते. समिती गेल्यावर झालेल्या बैठकीचे निमंत्रण मला नव्हते. मी गप्प राहिलो. फ्रीमनचे हसू पाहताना मला त्या गप्प बसण्याची लाज वाटली. पण तो गप्प राहून शिकत होता, मी नुसताच गप्प होतो, हा फरकही कळला.

तरी या चित्रपटाची आरती ओवाळण्याचे कारण नाही. यातल्या स्त्रिया पुसट आहेत, आणि लढ्याचे निर्णय सारे पुरुषांच्या हाती. फ्रीमन एकटाच योजना आखतो, एकटाच गुपित जपतो. वस्ती त्याला सैनिक पुरवते, पण ती त्याला जाब विचारताना दिसत नाही. ज्याला कोणी जाब विचारत नाही असा नेता चळवळीला परवडत नाही.

गंमत अशी की या उणिवेचे उत्तर चित्रपटाच्या निर्मितीतच सापडते. पैसा बराचसा कृष्णवर्णीय गुंतवणूकदारांकडून उभा राहिला. शिकागो शहराने चित्रीकरणाला परवानगी दिली नाही. तेव्हा बरेचसे काम शेजारच्या इंडियाना राज्यातील गॅरी शहरात झाले. तिथले महापौर रिचर्ड हॅचर १९६७ साली निवडून आलेले कृष्णवर्णीय नेते होते. त्यांच्या शहराने सहकार्य केले. म्हणजे खुर्ची दोन प्रकारची असते. एक दुसऱ्याने शोभेसाठी दिलेली आणि दुसरी आपल्या माणसांनी मते देऊन मिळवलेली. पहिल्या खुर्चीची कथा सांगायला दुसऱ्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

युनायटेड आर्टिस्ट्सने चित्रपट प्रदर्शित केला आणि थोड्याच आठवड्यांत तो चित्रपटगृहांतून नाहीसा झाला. आदल्याच वर्षी, १९७२ साली, मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव आपण घेतले, पण त्याच माणसांच्या मनातले हे चित्र तेव्हा त्यांच्याच देशात दडपले जात होते.

त्यानंतरचे डिक्सनचे दिग्दर्शन जवळजवळ सगळे टेलिव्हिजनसाठी झाले. ‘द वॉल्टन्स’, ‘द रॉकफर्ड फाइल्स’, ‘मॅग्नम पी.आय.’ अशा मालिकांचे भाग त्याने केले. म्हणून त्याला विझलेला विद्रोही म्हणणारे भेटतील. मला ते मान्य नाही. कारखान्यात कसब राखून पोट भरणे हा गुन्हा नव्हे, आणि कॅमेऱ्यामागची ती जागाही काळ्या माणसाला सहज मिळणारी नव्हती. पण ज्या हातांनी १९७३ चा चित्रपट केला, त्यांना तसा दुसरा करू दिला गेला नाही, ही किंमत आपण हिशेबात धरली पाहिजे.

२००४ साली हा चित्रपट डीव्हीडीवर आला. डिक्सन २००८ साली वारला. २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. ज्याला दारातून हाकलले, त्याला चाळीस वर्षांनी दिवाणखान्यात मांडले. हा सन्मान आहेच, पण तीही पुन्हा एक खुर्ची आहे. तिच्यावरून या चित्रपटाला उठवून वस्तीत आणणे, पोरांना दाखवणे आणि त्याच्याशी भांडणे, हे काम आपले आहे.